डोळ्यांचं आयपीएल: फ्लॅश गालावर, दुखणं पापणीत

कोरड्या डोळ्यांसाठी ‘आयपीएल’ सुचवलं की पेशंट आधी हसतो. क्रिकेटशी संबंध नाही. इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे झेनॉनच्या दिव्याचे जोरदार, क्षणभराचे फ्लॅश. बरेच लोक घरी जाऊन ‘डोळ्यांचं लेझर केलं’ असं सांगतात, पण हा लेझर नाही आणि फ्लॅश डोळ्यावरही मारत नाहीत. मारतात गालावर, खालच्या पापणीच्या खाली, कानापासून नाकापर्यंत. दुखणं मात्र पापणीच्या आत असतं. एवढं ऐकल्यावर ‘मग उपयोग कसा होणार?’ हा प्रश्न पडायलाच हवा.

उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. ज्यांना होतो त्यांच्याही बाबतीत यंत्राचा वाटा आपण समजतो त्याहून कमी असतो. माणूस योग्य निवडला का, त्याच्या त्वचेला सोसेल तेवढीच ताकद लावली का, आणि फ्लॅश झाल्यावर पापण्या नीट पिळल्या का, या तीन गोष्टींवर निकाल ठरतो. यंत्र कोणत्या कंपनीचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

पापणीच्या कडेला, केसांच्या मागच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढ्या तोंडांची एक ओळ असते. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. या मेबोमियन ग्रंथी. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. प्रत्येक उघडझापीला पापणीचा स्नायू या ग्रंथींवर हलका दाब देतो, थोडं तेल बाहेर येतं आणि अश्रूंच्या पाण्यावर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो. त्या थरामुळे खालचं पाणी उडून जात नाही. हे तेल बिघडलं की थंडीतल्या तुपासारखं थिजतं. ग्रंथीची तोंडं बुजतात, आत दाब वाढतो, पापणीची कड लाल होते, कडेवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उमटतं. तेल नाही म्हणून पाणी उडतं, पाणी उडतं म्हणून डोळा चरचरतो, आणि चरचरतो म्हणून डोळ्यांतून उलट घळाघळा पाणी येतं. ‘माझे डोळे कोरडे कसे, मला तर सारखं पाणी येतं’ ही तक्रार दवाखान्यात रोज ऐकू येते. ते पाणी निव्वळ प्रतिक्रिया म्हणून आलेलं असतं. त्यात तेल नसतं आणि ते डोळ्यावर टिकत नाही.

बिघाडाची कारणं नेहमीचीच. बोलत बसलेला माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनसमोर तेच प्रमाण पाच-सातवर येतं, आणि त्यातल्या निम्म्या वेळा पापणी अर्धीच खाली येते. ग्रंथी दाबलीच गेली नाही तर तेल आतच राहतं. वय, रजोनिवृत्ती, चेहरा लाल ठेवणारा रोझेशिया हा त्वचारोग, मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या (या ग्रंथीच आकसवतात), पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स किडे. आणि आपल्याकडे आवर्जून सांगायचं म्हणजे पापणीच्या आतल्या कडेवर भरलेलं काजळ. काजळाची रेघ नेमकी या तोंडांवरूनच जाते. ज्यांना रांजणवाडी पुन्हा पुन्हा होते, त्यांच्या तेलग्रंथी बहुतेक वेळा आधीपासून बंद पडत आलेल्या असतात.

आधी तपासणी, नाहीतर पैसे पाण्यात

कोरडेपणा दोन तऱ्हेचा असतो: पाणीच कमी तयार होतं, किंवा पाणी पुरेसं असून तेल नसल्यामुळे उडतं. दोन्ही एकत्र असणारेही पुष्कळ. आयपीएलचा फायदा मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला होतो. तोंडही कोरडं पडतं, पोळी पाण्याशिवाय गिळता येत नाही, सांधे दुखतात, अशा माणसाला शोग्रेन (प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते तो आजार) असण्याची शक्यता असते. त्याला फ्लॅश मारण्याआधी रक्ताच्या तपासण्या हव्यात.

तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे आणि घाईच्या ओपीडीत तोच चुकतो. आधी प्रश्नावली, मग डोळ्याला हात न लावता होणाऱ्या तपासण्या, त्यानंतर रंगाचा थेंब, मग कागदी पट्टी, आणि पापणी दाबून पाहणं सगळ्यात शेवटी. पापणी आधी दाबली तर बाहेर आलेलं तेल अश्रूंत मिसळतं आणि पुढचे सगळे आकडे चांगले दिसतात. पट्टी आधी लावली तर डोळा चिडून पाणी सोडतो आणि बाकीच्या मोजमापांना अर्थ राहत नाही.

अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो, हे असं पाहतात: फ्लुओरेसिन या रंगाची पट्टी सलाइनच्या एका थेंबाने ओली करायची, जास्तीचं पाणी झटकायचं, खालच्या पापणीच्या आत टेकवायची. पेशंटला तीनदा पापण्या मिटायला लावून मग डोळा उघडा ठेवायला सांगायचं. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, निळा प्रकाश लावायचा आणि हिरवट पडद्यावर पहिला काळा डाग कधी उमटतो ते मोजायचं. तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची. १० सेकंदांच्या आत डाग आला तर पडदा अस्थिर, ५ च्या आत आला तर चांगलाच बिघडलेला. इथली ठरलेली चूक म्हणजे रंग जास्त टाकणं. डोळ्यात तळं झालं की पडदा टिकल्यासारखा भासतो. पट्टी मोठ्या थेंबात बुडवून टेकवली की हमखास असं होतं.

शर्मर चाचणीत खालच्या पापणीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात कागदी पट्टी अडकवतात. पाच मिनिटांत ५ मिलिमीटरही ओली झाली नाही, तर पाण्याचीच टंचाई आहे.

याशिवाय मेबोग्राफी, म्हणजे पापणी उलटवून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काढलेला ग्रंथींचा फोटो. निरोगी पापणीत समांतर पांढऱ्या रेघा दिसतात. बिघडलेल्या पापणीत रेघा आखूड होतात, वाकड्या होतात, मधल्या काही गायबच होतात. ग्रेड ० ते ३ अशी देतात: १ म्हणजे एक तृतीयांशापर्यंत ग्रंथी गेल्या, २ म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत, ३ म्हणजे त्याहून जास्त. पैसे भरण्याआधी हा फोटो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मेलेली ग्रंथी फ्लॅशने परत उगवेल, या भरवशावर राहू नये. ग्रंथी जिवंत आहे पण तोंड बंद आहे, तिथेच या उपचाराला वाव असतो. दोन्ही पापण्यांत ग्रेड ३ असलेल्या माणसाला चार सिटिंगचं पॅकेज विकणं आम्हाला पटत नाही. त्याला औषधं, थेंब आणि पंक्टल प्लग (अश्रू वाहून नेणारी छिद्रं बंद करणारी बारीक बुचं) यांतून जास्त मिळेल.

आणखी एक गट वगळावा लागतो. तपासणीत जवळपास सगळं ठीक, पण डोळ्यांत आग भयंकर. बधिर करणारा प्रोपॅराकेनचा थेंब टाकूनही दुखणं कमी होत नसेल, तर ते दुखणं पृष्ठभागावरचं नसून नसांचं असू शकतं. तसंच खाज हेच मुख्य लक्षण असेल आणि माणूस दिवसभर डोळे चोळत असेल, तर आधी ॲलर्जी बघावी. रात्री पापणी पूर्ण मिटत नसेल तर त्याचा इलाज वेगळा.

दिवा काय करतो

झेनॉनच्या दिव्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरपर्यंतचा मिश्र प्रकाश निघतो. पुढे फिल्टर लावून खालच्या तरंगलांबी कापतात. मूळ पद्धतीत ५९० नॅनोमीटरचा फिल्टर असतो, म्हणजे त्याखालचं सगळं अडवलं जातं. राहिलेला पिवळा-नारिंगी-लाल प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, त्याची उष्णता होते आणि पापणीभोवतीच्या फुगलेल्या बारीक वाहिन्या आतून शेकून बंद पडतात. ठरावीक तरंगलांबी आणि ठरावीक कालावधी वापरून आजूबाजूला धक्का न लावता हवं तेच लक्ष्य तापवायचं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. त्वचारोगात त्यावर बरंच काम झालं. डोळ्यांकडे ते वळलं अपघाताने. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये डॉ. रोलँडो टोयोस यांना २००२ च्या सुमारास दिसलं की रोझेशियासाठी चेहऱ्यावर आयपीएल घेणाऱ्यांचे कोरडे डोळेही सुधारताहेत.

या वाहिन्या दाह वाढवणारी रसायनं पापणीत सतत आणत असतात. त्या बंद झाल्या की दाह उतरतो, ग्रंथीभोवतीची सूज कमी होते, तेलाची प्रत सुधारते. थोडी ऊब ग्रंथीपर्यंत पोहोचून तेल पातळ होतं, डेमोडेक्सची संख्या घटते, अशीही स्पष्टीकरणं दिली जातात. यांपैकी कोणाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

पुरावा किती भक्कम आहे? २०२० च्या कोक्रेन आढाव्यात (झालेले अभ्यास एकत्र करून तपासणारा आढावा) निकषांत बसणारे तीनच अभ्यास सापडले, मिळून ११४ माणसं, आणि निष्कर्षाची खात्री कमी प्रतीची ठरवली गेली. त्यानंतर अभ्यास वाढले. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने एप्रिल २०२१ मध्ये ल्युमेनिस कंपनीच्या ऑप्टिलाइट या यंत्राला नेमकं या कामासाठी परवानगी दिली. त्या परवानगीतल्या अटी जाहिरातींत क्वचितच येतात. वय २२ च्या पुढे, त्वचेचा रंग फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर १ ते ४, आणि उपचार ‘जोड म्हणून’: म्हणजे ग्रंथी पिळणं, कृत्रिम अश्रू, गरम शेक हे चालूच ठेवून. एकट्या फ्लॅशला ती मान्यता नाही.

खरी मेख: आपली त्वचा

फिट्झपॅट्रिकची मोजपट्टी १९७५ ची. १ म्हणजे उन्हात लगेच भाजणारी, अजिबात न काळवंडणारी गोरी त्वचा. ६ म्हणजे गडद काळी. आपल्याकडचे बहुतेक लोक ४ आणि ५ मध्ये येतात, काही ३ मध्ये. म्हणजे आपण मुळातच परवानगीच्या कडेवर उभे असतो.

कारण साधं आहे. जो प्रकाश हिमोग्लोबिन शोषतं, तोच मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्यही शोषतं. मेलॅनिन त्वचेत वरच्या थरात असतं, रक्तवाहिन्या खाली. सावळ्या त्वचेत उष्णता वरच अडते: वाहिनीला कमी मिळते आणि कातडी भाजते. परिणाम दोन तऱ्हेचे: फोड येऊन पांढरा डाग राहणं, किंवा नंतर काळपट डाग पडणं. काळपट डाग आपल्याकडे जास्त दिसतो आणि जायला महिने लागतात.

यावर उपाय असे. फिल्टर वरचा घ्यायचा, ६४० नॅनोमीटरच्या आसपास, कारण तरंगलांबी वाढत जाते तसं मेलॅनिनचं शोषण घटतं. ताकद कमी ठेवायची. या यंत्रांत साधारण ९ ते १६ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर या पट्ट्यात काम चालतं. सावळ्या त्वचेला खालच्या टोकापासून सुरुवात करतात. एका यंत्रावरचे ११ ज्यूल आणि दुसऱ्या यंत्रावरचे ११ ज्यूल एकसारखे नसतात, कारण फिल्टर, पल्सची लांबी आणि काचेचा थंडावा वेगवेगळा असतो. ‘मागच्या ठिकाणी मला १२ लावले होते’ हे नव्या ठिकाणी सांगा जरूर, पण त्यांनी तोच आकडा लावावा असा आग्रह नको. तिसरा उपाय म्हणजे फ्लॅशचे तुकडे करणं. एका फ्लॅशमध्ये सुमारे ६ मिलिसेकंदांचे तीन पल्स आणि मध्ये ५० मिलिसेकंदांची विश्रांती असं ठेवतात. वरचा पातळ थर त्या विश्रांतीत थंड होतो, जाड वाहिनी तापलेलीच राहते. त्वचा गडद असेल तितकी ही विश्रांती वाढवायची.

पहिल्यांदा येणाऱ्याला कानासमोर किंवा जबड्याच्या कडेला एक चाचणी-फ्लॅश मारून निदान दोन दिवस थांबावं. ‘तपासणी आणि पहिलं सिटिंग आजच’ हे सोयीचं असतं, पण टाइप ५ ला ते करू नये. भाजल्याची लाली लगेच दिसते, डाग मात्र काही दिवसांनी उमटतो.

गालावर वांग असेल तर जास्तच सावध राहा. वांगावर आयपीएलने रंग आणखी गडद होऊ शकतो, आणि वांग नेमकं गालाच्या त्याच पट्ट्यात असतं. अशांसाठी आधी त्वचारोगतज्ज्ञाचं मत घ्यावं, किंवा लाल प्रकाशाचा पर्याय पाहावा. टाइप ६ ला आयपीएल नकोच.

ऊन हाही त्वचेचाच भाग. शेतावर काम करणारे, आषाढी वारी चालून आलेले, गोव्याहून सुट्टी संपवून परतलेले, सगळ्यांची त्वचा काही आठवड्यांसाठी एक पायरी गडद झालेली असते. टॅन पूर्ण उतरेपर्यंत, चारेक आठवडे तरी, थांबावं. निवड आपल्या हातात असेल तर एप्रिल-मेमध्ये सुरुवात करू नये. पावसाळा किंवा हिवाळा बरा.

खालील गोष्टी आधीच सांगायच्या, विचारण्याची वाट न पाहता: गर्भारपण, त्वचेचा कर्करोग, ल्युपस, प्रकाशाने येणारे फिट, त्या भागात पूर्वी झालेली नागीण किंवा तोंडाभोवतीचे हर्पिसचे फोड, गेल्या तीन महिन्यांत झालेलं डोळ्याचं ऑपरेशन, भुवई किंवा आयलायनरचं कायमस्वरूपी टॅटू, आणि चालू गोळ्या. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिक गोळीकडे विशेष लक्ष द्या. ती याच दुखण्यासाठी डोळ्यांचे डॉक्टरच देतात आणि तीच त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करते. कित्येकदा गोळी लिहिणारा एक आणि फ्लॅश मारणारा दुसरा असतो. गोळी कधी बंद करायची हे डॉक्टरांना विचारून ठरवावं; कोर्स मनाने तोडू नये.

एक सिटिंग, जवळून

चेहरा साबणाने धुवायचा. पावडर, सनस्क्रीन, काजळ, टिकलीचा गोंद, हळदीचा पिवळेपणा, काहीही राहू नये. लेन्स काढायच्या. चमकी, नथ, कानातले काढलेले बरे. दाढीवाल्या पुरुषांनी त्या दिवशी गुळगुळीत दाढी करून यावं. केसांत मेलॅनिन असतं, केस जागेवर जळतो, शिवाय पट्ट्यातली दाढी पुढे विरळ होऊ शकते.

मग डोळ्यांवर कवच. चिकटणारं अपारदर्शक किंवा धातूचं, कडेने जराही उजेड न शिरणारं. ही पायरी गंभीर आहे. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, तिच्या पलीकडे बाहुलीभोवतीचा गडद पडदा, आणि त्यात मेलॅनिन ठासून भरलेलं. चेहऱ्याच्या सौंदर्योपचारात कवच न घालता पापणीजवळ फ्लॅश मारल्यामुळे या पडद्याला कायमची इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. साधा काळा गॉगल किंवा ओल्या कापसाच्या घड्या चालत नाहीत. वरच्या पापणीवर थेट फ्लॅश मारायचा असेल तर डोळा बधिर करून पापणीच्या आत धातूचं कवच बसवावंच लागतं. त्याला सराव लागतो आणि सगळीकडे ते करत नाहीत.

पुढे जेल. अल्ट्रासाउंडचं पारदर्शक जेल, एक-दोन मिलिमीटरचा सलग थर, मध्ये बुडबुडे नकोत. यंत्राची साफायरची काच जेलवर पूर्ण टेकलेली हवी. कोपरा उचलला गेला की तिथे प्रकाश एकवटतो आणि नेमका त्या कोपऱ्याच्या आकाराचा चटका उमटतो. काच खालच्या पापणीच्या केसांपासून दोन-तीन मिलिमीटर खाली, हाडाच्या कडेवर. एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत दहा-पंधरा फ्लॅश, मग दुसरी फेरी. काही यंत्रांत दर डोळ्याला चार-पाच फ्लॅश एवढंच असतं. रबर ताणून सोडल्यासारखा फटका बसतो आणि क्षणभर गरम वाटतं, एवढंच. चटका सहन होत नसेल तर लगेच बोलावं. ‘थोडं सोसा’ हे इथे चुकीचं उत्तर आहे. ताकद कमी करायची असते.

काचेकडे लक्ष द्या. मागच्या पेशंटच्या केसांची किंवा मेकअपची जळून चिकटलेली काळी ठिपकी तिच्यावर राहिली, तर पुढच्या फ्लॅशला ती तापते आणि त्वचेवर तेवढाच गोल चटका देते. दोन पेशंटांमध्ये काच पुसली जाते का, हे खुर्चीवरूनही दिसतं.

फ्लॅश संपले, जेल पुसलं, आणि बऱ्याच ठिकाणी इथेच ‘झालं’ म्हणतात. तसं नाही. आता पापण्या पिळायच्या. बधिर करणारा थेंब, मिनिटभर थांबायचं, आणि दोन गोल मण्यांच्या किंवा चपट्या पात्यांच्या खास चिमट्याने पापणीची कड आत-बाहेरून धरून केसांच्या दिशेने दाबत न्यायची. नाकाकडून सुरुवात करून कानाकडे, चारही पापण्या. स्लिट लॅम्पखाली बघितलं तर तोंडातोंडांतून जे बाहेर येतं ते सगळं सांगून जातं: निरोगी ग्रंथीतून स्वच्छ थेंब, त्याहून बिघडलेलीतून गढूळ, मग कणीदार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पांढरी घट्ट शेवई, जी तुटत नाही, वळून पापणीवर पडते. काही तोंडांवर पातळ कातडीचं झाकण आलेलं असतं. ते आधी खरवडावं लागतं, नाहीतर कितीही दाबा, काही येत नाही.

थेंब टाकूनही हे दुखतं, फ्लॅशपेक्षा जास्त. म्हणूनच ते अर्धवट सोडलं जातं, आणि वेळ लागतो म्हणूनही. पॅकेज ठरवताना एकच विचारा: प्रत्येक सिटिंगनंतर चारही पापण्या पिळणार का, आणि कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे चौकशी करावी.

नंतर

काही तास गाल लालसर, एखाद-दोन दिवस किंचित सूज. थंड पट्टी ठेवा. त्या दिवशी लेन्स, मेकअप, गरम पाण्याची अंघोळ, वाफ टाळा. दोन आठवडे एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, टोपी, छत्री. डोळ्यांजवळ लावायचं तर झिंक ऑक्साइडवालं कमी झोंबतं. फोड आला तर फोडू नका, हळद-कोरफड काही लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लवकर मलम सुरू झालं तर डाग राहण्याचा धोका कमी होतो.

सिटिंग साधारण चार, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. पहिल्यानंतर फारसा फरक नसतो. दुसऱ्या-तिसऱ्यानंतर संध्याकाळची चरचर कमी झाल्याचं लोक सांगतात. परिणाम कायमचा नाही. सहा महिने ते वर्षाने एखादं सिटिंग लागू शकतं.

घरचं काम दरम्यान थांबवायचं नाही. शेक ४० ते ४५ अंशांचा, दहा मिनिटं. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल दोन मिनिटांतच गार होतो, त्यामुळे दोन रुमाल आलटून-पालटून वापरा किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मास्क घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहिल्याशिवाय डोळ्यावर नको. शेकानंतर लगेच स्वच्छ बोटाने वरची पापणी खाली, खालची वर अशी हलकी मालीश. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको, काचबिंदूवाल्यांनी तर मुळीच नको. थेंब दिवसात चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर बेंझाल्कोनियम क्लोराइड नसलेले घ्या. ते संरक्षक द्रव्यच पृष्ठभाग बिघडवतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर फार भिस्त ठेवू नका: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीम’ या मोठ्या अभ्यासात रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही.

लाल प्रकाशाचे मास्क वेगळे. त्यात साधारण ६३३ नॅनोमीटरचे एलईडी असतात, फ्लॅश नसतो, मिटलेल्या पापण्यांवर पंधरा मिनिटं ठेवतात. त्वचेच्या रंगाचा अडसर नाही, वरची पापणीही मिळते. पुरावा आयपीएलहून कमी आहे, पण टाइप ५-६ आणि वांगवाल्यांसाठी विचार करण्याजोगा आहे. प्रकाश अजिबात नको असेल तर लिपीफ्लोसारखी, पापणी आतून तापवून बाहेरून दाबणारी यंत्रं आहेत; त्यांचा त्वचेच्या रंगाशी संबंधच येत नाही.

घरगुती हेअर-रिमूव्हल आयपीएल ऑनलाइन मिळतं म्हणून ते गालावर वापरून पाहणाऱ्यांसाठी: डोळ्यांभोवती कधीही नाही. त्याच्याबरोबर डोळ्याचं कवच येत नाही, फिल्टर या कामाचा नसतो. पार्लरमधल्या फोटोफेशियललाही हेच लागू.

निकाल मोजायचा तर आधीचे आकडे हवेत. पहिल्या सिटिंगआधी प्रश्नावलीचे गुण (ओएसडीआय असेल तर ० ते १००, १३ च्या वर बिघाड), पडदा फाटण्याचे सेकंद आणि पिळल्यावर आलेल्या तेलाची प्रत लिहून घ्या. शेवटच्या सिटिंगनंतर महिन्याने हेच पुन्हा, शक्यतो त्याच खोलीत, त्याच वेळी. एसीच्या थेट झोताखाली घेतलेला आकडा आणि सकाळच्या दमट हवेतला आकडा जुळत नाहीत. चार सिटिंग आणि नीट पिळूनही तिन्हींपैकी एकही हललं नाही, तर पाचवं घेऊ नये. परत मेबोग्राफी आणि शर्मर बघावं, डेमोडेक्ससाठी केसांच्या मुळाशी नळीसारखा कोंडा आहे का ते तपासावं, आणि रात्री पापणी उघडी राहते का हे घरच्यांना विचारावं.